माईंना सिंह दाखवण्याची अट

आमच्या नेरूळच्या सोसायटीतून हल्ली दर वर्षी दोन-तीन कुटुंबं आफ्रिकेला जातात. जायच्या आधी वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली येतं, चहा होतो आणि मग विचारणा होते, "काका, तुम्ही तिकडे होतात ना? काय काय न्यायचं?" मी सांगायला लागलो की दहा मिनिटांत त्यांची चुळबुळ सुरू होते, कारण त्यांना सामानाची नावं हवी असतात आणि मी गोष्टीत शिरतो. यंदा सेक्रेटरी म्हणाले, "काका, टेन्शन घेऊ नका. आपल्या दिवाळी अंकात लिहून टाका. ज्याला पाहिजे तो वाचेल." म्हणजे समोर बसून ऐकायची कोणावर सक्ती नाही. मलाही ते पटलं.

तर आधी सामानाचं सांगून टाकतो, नाहीतर बायका पुढचं वाचणार नाहीत. पांढरे कपडे नेऊ नका, तिथली लाल धूळ पहिल्याच दिवशी त्यांची वाट लावते. काळे आणि गडद निळेही नकोत, त्या रंगांवर तिथली त्सेत्से नावाची माशी धावून येते आणि ती पँटवरूनही चावते. खाकी, बदामी, मळकट असं काहीही चालेल. बॅग मऊ कापडाची घ्या, कडक सूटकेस गाडीत कुठेच बसत नाही. नाका-तोंडावर बांधायला जुनं धोतर फाडून घ्या, त्याच्याइतकं मऊ काही नाही. पिवळ्या तापाची लस आधी टोचून घ्या, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून चालू करा. आणि मारी बिस्किटं नेऊ नका हो, ती तिथे मिळतात.

आता मी तिकडे कसा, ते. मी मूळचा उरणकडचा, मोऱ्याच्या धक्क्यापासून चालत जाता येईल अशा एका आगरी गावातला. आमच्याकडे खाडीला मातीचा बांध घालून आतल्या खाऱ्या जमिनीत भात पिकवायचे. मला मात्र शेतीपेक्षा इंजिनाचं वेड. मोऱ्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचच्या इंजिनावर हात काळे केले, मग माझगावच्या एका गॅरेजात पक्का मिस्त्री झालो आणि पन्नासच्या दशकात ओळखीच्या ओळखीने आगबोटीत बसून टांगानिकातल्या अरुशा गावी पोचलो. टांगानिका म्हणजे आजचा टांझानिया. तिथे लालजीशेठ नावाच्या कच्छी माणसाचं गॅरेज होतं. त्यात मी आणि जुमा नावाचा तिथलाच एक जण, आम्ही दोघे लॉऱ्यांखाली आडवे पडून असायचो. तिकडे मिस्त्रीला फुंडी म्हणतात. जुमा मला शेवटपर्यंत फुंडीच म्हणाला.

सफारी या शब्दाचा स्वाहिलीत अर्थ साधा प्रवास. पण त्या काळात सफारी हा गोऱ्या साहेबांचा धंदा होता. तंबू, बंदुका, बर्फाच्या पेट्या, पाठीमागे स्वयंपाक्यांची लॉरी. आपल्या लोकांचं काम म्हणजे त्यांना साखर-मीठ विकायचं आणि त्यांच्या मोडलेल्या गाड्या दुरुस्त करायच्या. दुरुस्त केलेली गाडी चालवून बघायला म्हणून मी आणि जुमा रानाकडे जायचो आणि जरा जास्तच लांब जायचो. जनावर कुठे पाणी पितं, हत्ती कुठल्या वाटेने उतरतात, हे सगळं जुमाने दाखवलं. मला एकच ध्यास लागला होता. लॉरीखालून उठायचं, चाकापाशी बसायचं आणि माणसांना जनावरं दाखवायची. शेठला मी महिन्यातून एकदा तरी विचारायचो आणि शेठ महिन्यातून एकदा हसायचे.

टांगानिका नुकता स्वतंत्र झाला होता तेव्हाची गोष्ट. शेठनी एक जुनी लँडरोव्हर घेतली. कांदे वाहायचे की सफारी काढायची, यावर त्यांचं मन हेलकावे खात होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक चालून आलं. अरुशातल्या भारतीय शाळेत प्रभाकरराव नावाचे मराठी मास्तर होते. त्यांच्या सासूबाई, माई, गिरगावातून आगबोटीने लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या. नातू झाला, सहा महिन्यांचा झाला, माईंची परतीची बोट जवळ आली. रविवारी त्या मोंबासाला निघायच्या होत्या. लेक सुमन हट्टाला पेटली की आईने आफ्रिकेत येऊन सिंह न बघता जायचं नाही. माईंचं म्हणणं, "मी नातू बघायला आले होते, तो बघितला. सिंह राणीच्या बागेत आहे."

शेठनी मला बोलावलं. "देख हरी," ते म्हणाले, "शनिवार शाम को गाडी गॅरेज में. पॅसेंजर साबूत. और माजी को सिंह दिखना चाहिए, रानी के बाग वाला नहीं, खुला. ये हुआ तो गाडी तेरी, तू सफारी कर. नहीं हुआ तो गाडी में कांदा, और तू वापस लॉरी के नीचे. फिर पूछना नहीं." इतकं स्पष्ट कोणी माझ्याशी आधी बोललं नव्हतं. मी त्या दिवशी जेवलोच नाही.

बुधवारी पहाटे निघालो. पुढे मी आणि माई, मागे प्रभाकरराव आणि जुमा. माई पासष्टीच्या, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, कानात वरच्या बाजूला जड बुगड्या. मला वाटलं, नाजूक बाई आहे, खड्डे जपून घ्यावेत. सुमनताईंनी बेसनाच्या लाडवांचा पितळी डबा दिला होता, तो माईंच्या मांडीवर.

पहिला मुक्काम मन्यारा तळ्याच्या रानात. तिथे बबून माकडांचे कळपच्या कळप रस्त्यावर बसतात. एक मोठा नर गाडीच्या अगदी जवळ येऊन बसला आणि माईंनी हात जोडले. "दर शनिवारी मी मारुतीला जाते, आज तो माझ्याकडे आला," असं म्हणून मी काही बोलायच्या आत त्यांनी काच सरकवली आणि केळं पुढे केलं. मारुतीरायाने केळं घेतलं. मग हात आत घातला. मग खांदा. मग तो अख्खाच आत आला. प्रभाकरराव डबा वाचवायला पुढे झाले, तर त्यांच्या नाकावरचा चष्मा गेला आणि डबाही गेला. चष्मा त्याने काटेरी जाळीत भिरकावला, लाडू मात्र शांतपणे कातळावर बसून खाल्ले. माईंनी काच परत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "आमचा गिरगावातला बरा. दगडाचा आहे."

तेव्हा वाचकहो, आफ्रिकेत भूतदया गाडीच्या आत ठेवा. माकडाला, हरणाला, अगदी पाखरालाही काही घालू नका. एकदा चटावलेलं जनावर पुढच्या गाडीतल्या पोराचा हात धरतं, आणि शेवटी गोळी त्या जनावरालाच खावी लागते. खाण्याचं सामान नेहमी डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी पायाखाली.

गुरुवारी गोरोंगोरोच्या प्रचंड विवराच्या काठावर पोचलो. आत हजारो जनावरं असतात, सिंह हमखास. पण त्या दिवशी विवरात धुकं असं भरलं होतं की गाडीचं स्वतःचं बॉनेट दिसेना. दिवसभर थांबलो. माई शाल पांघरून बसल्या होत्या आणि मधूनमधून मला विचारत होत्या, "अरे, ह्याच्या आत आहे ना काही?" मी हो म्हणत होतो आणि मनात कांद्याची पोती मोजत होतो. म्हणून सांगतो, गोरोंगोरोला एक दिवस ठेवून जाऊ नका, दोन ठेवा, आणि लोकरीचं काहीतरी न्या. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून सुती सदऱ्यात गेलेले लोक मी तिथे दातावर दात आपटताना पाहिलेत.

शुक्रवार उजाडला. आता उरली होती ती विवराच्या पलीकडे पसरलेली गवताळ मैदानं. सकाळी पाऊस पडून गेला होता. जुमा म्हणाला, "फुंडी, काळी माती आहे, नको." मला ते कळत होतं. पण शनिवार संध्याकाळ डोळ्यापुढे नाचत होती. एका ओढ्याच्या काठाने मी गाडी घातली आणि पाव मैलात ती चारही चाकांनिशी खाली बसली. रेस दिली तशी आणखी बसली. जॅक लावला तर जॅकच मातीत गेला.

ती काळी माती म्हणजे ओली झाली की लोणी आणि वाळली की दगड. साहेब लोकांची रीत अशी की खुर्च्या मांडायच्या, चहा करायचा आणि दोन दिवस माती वाळायची वाट बघायची. आम्हाला दोन दिवस कुठून आणायचे? माईंची गाडी रविवारी, माझी गच्छंती शनिवारी. जुमाने सगळीकडे नजर फिरवली, मीही फिरवली, जनावर दिसेना. मग आम्ही खाली उतरलो. प्रभाकरराव मदतीला म्हणून आले आणि पहिल्या पावलातच चप्पल गमावून बसले. आम्ही तिघे ओढ्याकाठचं लव्हाळं उपटून आणायचो, चाकाखाली घालायचो, परत जायचो. जितकं चालायचो तितका चिखल तुडवून पातळ व्हायचा. तासाभरात मी रडकुंडीला आलो होतो. खोटं कशाला सांगू, गाडीच्या मागे जाऊन डोळे पुसले.

माई इतका वेळ आत बसून बघत होत्या. दार उघडून म्हणाल्या, "हरी, तू कुठला रे?"

"उरणचा, माई."

"मग खाडीवरचा असून चिखलात येरझाऱ्या कसल्या घालतोस? खांडीवर कोणी चालतं का?"

 खांड म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. भरतीच्या जोराने खाडीचा बांध फुटतो त्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. खारं पाणी शेतात शिरलं की पुढची कित्येक वर्षं भात नाही. म्हणून खांड पडली की जो पहिला बघेल त्याने ओरडायचं आणि गावातल्या प्रत्येक घरातून माणूस धावलाच पाहिजे. कोणाचं शेत, हे विचारायचं नाही. आणि तिथे पोचल्यावर कोणी चालायचं नाही. ओळ लावून उभं राहायचं, फांद्या, पेंढा, मातीची ढेकळं हातातून हातात पुढे जायची. चालणारी माणसं बांध आणखी खचवतात. हे मी पोरवयात कितीदा केलं होतं, पण शेठच्या अटीने डोकं इतकं भणाणलं होतं की आठवलंच नाही.

"माई, तुमी कंच्या गावच्या?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"पेणच्या खारेपाटातलं, खाडीवरचंच माहेर माझं. गिरगावात दिली म्हणून काय झालं." एवढं बोलून माई खाली उतरल्या. नऊवारीचा काष्टा त्यांनी असा आवळला की ते लुगडं शेतावरचं वाटायला लागलं. मग त्यांनी चारी बाजूंना बघितलं. दूर ओढ्यापलीकडे पाच-सहा मासाई गुराखी काठ्यांवर रेलून आमची गंमत बघत उभे होते. माईंनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आरोळी दिली, "खांड परली रं, धावा रं धावा."

चाळीतल्या पासष्टीच्या बाईच्या अंगात तो आवाज कुठे होता, देव जाणे.  मासाईंना शब्द काय कळणार, पण ते आले. त्यांतला म्हातारा सगळ्यांत पुढे. जुमाने त्याला वाकून 'शिकामो' म्हटलं. मोठ्या माणसाला करायचा तो स्वाहिलीतला नमस्कार. तुम्हीही तो शिकून जा, नुसतं जांबो जांबो करत फिरू नका, आणि विचारल्याशिवाय कोणा मासाईचा फोटो काढू नका. तो म्हातारा मात्र माईंच्या कानांकडे बघत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या ओढून खांद्यापर्यंत आलेल्या, त्यांत मण्यांचे गजरे. त्याने बोट पुढे करून माईंची बुगडी हलवून बघितली. माईंनी त्याचे मणी हलवून बघितले. मग दोघेही मनापासून हसले, आणि माईंनी त्याचा हात धरून त्याला ओळीत उभा केला.

जुमाने काटेरी फांद्या बाजूला काढायला लावल्या, कारण त्या टायरात घुसल्या असत्या. बिनकाट्याची झुडपं, लव्हाळं, गवताचे भारे हातातून हातात येऊ लागले. मी चाकापाशी एक थर आडवा, एक थर उभा असा रचत होतो, अगदी बांधावर रचतात तसा. बरोबर आणलेल्या स्वयंपाकाच्या टेबलाची फळी जॅकखाली घातली, तेव्हा कुठे तो धरला. माई ओळीच्या मधोमध उभ्या राहून "हां, पुढं, हां, पुढं" म्हणत होत्या, आणि थोड्या वेळाने मासाईही तेच म्हणायला लागले. प्रभाकरराव चष्म्याशिवाय अंदाजानेच हात पुढे करत होते. दोनदा त्यांनी गवताऐवजी शेजारच्या माणसाचा गुडघा धरला.

दुपार कलायच्या आत गाडी हलली. मी पहिला गिअर टाकला, क्लच अगदी मुंगीच्या पावलाने सोडला, आणि ती लँडरोव्हर त्या पाल्याच्या रस्त्यावरून डुलत डुलत कोरड्या जमिनीवर चढली. मी खाली उडी मारली आणि माईंच्या पायांवर डोकं ठेवलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे वाक्य घरी कोणी वाचून दाखवू नये.

आणि तेव्हा त्या म्हाताऱ्याने सहज काठी वर करून ओढ्यापलीकडच्या कातळाकडे दाखवलं. कातळावर एक सिंहीण पसरली होती. तिच्या पोटाशी पिल्लं लोळत होती, आणि मागे आयाळवाला नर मान वर करून आमच्याकडे बघत होता. जुमाने दबक्या आवाजात म्हाताऱ्याला विचारलं, ही कधीपासून इथे आहेत? म्हातारा म्हणाला, सकाळपासून. मग आम्हाला सांगितलं का नाही? त्याचं उत्तर जुमाने मला सांगितलं. "म्हणतो, त्यांची पोटं भरलेली आहेत. तुम्ही कामात होता."

सिंह दिसला तर काय करायचं हे पुस्तकात असतं. न दिसता तो असतोच, हे पुस्तकात नसतं. म्हणून एकच सांगणं आहे, गाडीतून कधीही उतरू नका, आणि उतरावंच लागलं तर आधी तिथल्या माणसाला विचारा. आमची नजर सगळीकडे फिरली होती आणि तरी तिला तो कातळ नुसता कातळच दिसला होता.

आम्ही हळूहळू गाडीत चढलो. प्रभाकरराव "कुठे, कुठे" करत राहिले, त्यांच्या डोळ्याला मी दुर्बीण लावली. माई बराच वेळ बघत होत्या. पिल्लू आईच्या शेपटीला चावलं, तिने त्याला पंजाने बाजूला सारलं, ते परत आलं. माईंनी पदर डोळ्यांना लावला. "सुमनचं पोरगंही असंच करतं," त्या म्हणाल्या, "आता रविवारी टाकून जायचं त्याला."

शनिवारी संध्याकाळी गाडी गॅरेजात शिरली, वेळेवर. मला वाटत होतं, जिंकलो. शेठ बाहेर आले. त्यांनी छपरापर्यंत माखलेली गाडी बघितली. चष्मा नसलेले, पायात एकच चप्पल असलेले प्रभाकरराव बघितले. मग माईंचे गवता-लव्हाळ्याने ओरखडलेले हात बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळं ऐकून घेतल्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "सिंह दिखाया, ठीक. टाइम पे आया, ठीक. पण पॅसेंजर से मजूरी करवाया? माजी से? कल पूरा गाव बोलेगा, लालजी बूढी औरत से चिखल उपसवाता है. सोमवार से कांदा."

 शेठचं अगदीच चुकत होतं असंही नाही. धंदा नावावर चालतो.

गॅरेजात दाराशी एक लोखंडी खुर्ची असायची. माई गेल्या आणि तिच्यावर बसल्या. "शेठ," त्या मराठीतच म्हणाल्या, "मला कोणी कामाला लावलं नाही. मी ह्याला लावलं. ह्याने गाडी घातली चिखलात, ते चुकलंच, त्याला काय बोलायचं ते बोला. पण माझ्या माहेरी बांध फुटला की घरी आलेला पाहुणाही हात लावतो, त्यात कोणाची अब्रू जात नाही. सहा महिन्यांच्या वर मी तुमच्या गावात आहे. लोक मला सुमनची आई म्हणतात, मास्तरांची सासू म्हणतात. काल पहिल्यांदा माझ्या हाकेला माणसं धावली. हे मला ह्या पोराच्या सफारीत मिळालं. तुम्ही ह्याला परत लॉरीखाली घालणार असाल तर मी ह्या खुर्चीवरून उठत नाही. उद्याची गाडी चुकली, बोट गेली तर जाऊ दे. तुमच्या गावात मग ते बोलतील."

 जुमाने हातातला पाना खाली ठेवला. प्रभाकरराव "माई, अहो माई," असं पुटपुटत होते, पण त्या हलल्या नाहीत. शेठना मराठी निम्मं कळायचं, पण खुर्ची पूर्ण कळली. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. कधी कोणाला शब्द न देणारा तो माणूस शेवटी म्हणाला, "ठीक छे, माजी. सोमवार से गाडी हरी की."

"सोमवारपासून कशाला?" माई म्हणाल्या. "मला आत्ता लेकीकडे कोण सोडणार?"

शेठ हसायला लागले. किल्ली त्यांच्या हातात होती, ती त्यांनी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि चाकापाशी जाऊन बसलो, माईंसाठी दार जुमाने उघडलं. माई चिखलाच्या लुगड्यासकट पुढच्या सीटवर बसल्या, पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाल्या, "चल, हरी. सरळ घरी ने. आता वाटेत काही दाखवू नकोस, नातवाला घ्यायचंय."